लिनक्सवरचं गलबत

"आई, डिटेक्टेड म्हणजे काय गं?"

मी ओट्याशी साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होते. बाहेरच्या खोलीत कूलरचा आवाज, त्यात मनवाचा तो बारीक आवाज, म्हणून तिला दोनदा विचारावं लागलं.

"सापडलं, असं. का गं?"

"आणि चीटिंगचा अर्थ तर मला येतो," ती म्हणाली, आणि मग गप्प झाली.

तिचं ते गप्प होणं मला आवडलं नाही. हात पुसत बाहेर गेले. कॉम्प्युटरवर एरवी तिचा समुद्र असायचा, हिरवट निळा, त्यावर शिडं फुगवून उभं असलेलं तिचं गलबत. तिथे काळं कुट्ट झालं होतं आणि मधोमध लाल अक्षरं. चीटिंग डिटेक्टेड. खाली बारीक अक्षरांत, हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. मनवा खुर्चीवर तशीच बसलेली, हेडफोन गळ्यात, पाय जमिनीला न टेकलेले.

"माझं गलबत कुठंय?"

"येईल. बाबा ड्युटीवरून आला की बघेल."

"पण मी काहीच नाही केलं आई. मी फक्त बंदरातून बाहेर काढत होते."

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. खालच्या फिरक्यांची लावण्या धापा टाकत दारात उभी. "काकू, मनवाच्या नावापुढे लाल शिक्का आलाय. माझ्याकडे पण दिसतो, कोल्ह्यांच्या जुळ्यांकडे पण दिसतो." मग तिने मनवाकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "तू काय केलंस गं?"

आम्ही तेव्हा भुसावळजवळ वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचो. माझा नवरा नचिकेत तिथे इन्स्ट्रुमेंटेशन विभागात होता. दोन मजली क्वार्टर्स, मध्ये गुलमोहराची झाडं, वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची राख. मे महिन्यात दुपारभर बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून सगळी पोरं घरातच, आणि घरात म्हणजे या गलबतांच्या खेळात. पोरं त्याला नुसतं 'बोटी' म्हणायची. आज बोटी खेळायच्या का, इतकंच. प्रत्येकाने आपापल्या घरून इंटरनेटवर यायचं, समुद्रात भेटायचं, चौघांनी मिळून ताफा करायचा. आमच्या वसाहतीच्या ताफ्यात लावण्या, कोल्ह्यांची जुळी आणि पुढे मनवा. पुढे, कारण तिचं गलबत सगळ्यांत वेगाचं होतं. वर्षभर जमवून जमवून तिने ते तेवढं केलं होतं. महिनाअखेरीला त्या खेळात मोठी शर्यत असायची आणि सुट्टी लागल्यापासून चौघांचं दुसरं बोलणं नव्हतं.

आमच्याकडे हा खेळ चालतो, याचंच मुळात वसाहतीला नवल होतं. कारण आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं. लिनक्स होतं.

हे नचिकेतचं कॉलेजपासूनचं. आम्ही एकाच वर्गात होतो, तेव्हा अख्खं हॉस्टेल एका सीडीवरून विंडोज टाकून घ्यायचं आणि हा एकटा लिनक्सवर धडपडत बसायचा. मी विचारलं होतं, तर म्हणाला होता, "हे फुकट आहे आणि सरळ आहे. ते फुकट आहे आणि चोरीचं आहे." वसाहतीतही तेच. बाजारातला योगेश सोनवणे घरोघर पेन ड्राइव्ह घेऊन फिरायचा, अर्ध्या तासात विंडोज टाकून द्यायचा, वर चार गेम. आमच्या घराच्या पायऱ्या तो कधी चढला नव्हता.

पण मनवा मोठी होत गेली, आणि एक दिवस फिरक्यांकडून घरी येऊन तिने विचारलं, "आपल्याकडे बोटी का नाही चालत?"

"तो खेळ विंडोजसाठी लिहिलाय बाळा," नचिकेत म्हणाला.

"मग योगेशकाकाकडून टाकून घे ना. लावण्याकडे त्यांनीच टाकलंय."

"ते चोरीचं असतं. आपण चोरीचं वापरत नाही."

पोरगीच ती. दुसऱ्या दिवशी फिरक्यांच्या घरात, त्यांच्याच सोफ्यावर बसून, त्यांनी दिलेला चिवडा खात तिने जाहीर केलं की तुमचं चोरीचं आहे. फिरके वहिनींनी संध्याकाळी मला गाठलं. "मनवाच्या मम्मी, आम्ही सगळे चोर, तुम्ही तेवढे साव, असंच ना?" हसत म्हणाल्या, पण पुढे बरेच दिवस त्यांच्याकडून वाटीभरही काही वर आलं नाही.

मग नचिकेतने ते मनावर घेतलं. जगात ठिकठिकाणी अशी माणसं होती जी आपापली नोकरी सांभाळून फक्त याच मागे लागलेली, की विंडोजवरचे खेळ लिनक्सवर चालले पाहिजेत. कुणी पोलंडचा, कुणी ब्राझीलचा, कुणी कोचीनचा. हा त्यांच्यात शिरला. रोज ड्युटीवरून आला की चहा बाजूला गार होतोय आणि हा मांडी घालून स्क्रीनसमोर. मनवा त्याच्या पाठीवर लोंबकळायची.

"काय करतोस बाबा?"

"तुझा खेळ एक भाषा बोलतो, आपला कॉम्प्युटर दुसरी. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवायचा. खेळ म्हणाला लाट दाखव, की दुभाषा आपल्या कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सांगणार, लाट दाखव."

"मग दाखवत का नाही?"

"काही शब्द दुभाष्याला येत नाहीत अजून. ते शिकवतोय."

मनवाने त्या दुभाष्याचं नाव 'मधले काका' ठेवलं. शाळेतून आली की दप्तर टाकता टाकता विचारायची, "मधले काका आज काय शिकले?" कधी ते आकाश शिकलेले असायचे पण पाणी नाही. कधी सगळं दिसायचं पण माणसांना डोकी नसायची, तेव्हा ती दोघं हसून हसून जमिनीवर लोळली होती. आणि मग एका रविवारी, मी खालून भाजी घेऊन वर आले तर दोघं एकमेकांचा हात धरून स्क्रीनसमोर उभी. लाटा हलत होत्या. एक फुटकं तराफं त्यावर डुलत होतं. मनवाने मला शूऽऽ केलं, जणू आवाज झाला तर ते बुडेल.

त्या तराफ्याचं वर्षभरात गलबत झालं होतं. ते आता दिसत नव्हतं.

नचिकेत चारला आला. मी दारातच सांगितलं. हेल्मेट हातात तसंच ठेवून तो स्क्रीनसमोर उभा राहिला. लाल अक्षरं वाचली, खालची बारीक वाचली. मग हळूच खुर्चीत बसला.

"बाबा, मी काही नाही केलं," मनवा म्हणाली.

"मला माहितीये." त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मी केलं."

"चीटिंग?"

"नाही गं राणी. चीटिंग नाही." तो माझ्याकडे वळला. "परवा ते आवाजाचं बघत होतो ना."

मला आठवलं. मनवाच्या खेळात बंदरात शिरलं की आवाज तुटायचा, लाटा खरखरायच्या. तेवढं एक राहिलं होतं. असं काही शोधायचं तर खेळ चालू असताना त्याच्या आत काय चाललंय ते बघणारं एक हत्यार लावावं लागतं, डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. या मंडळींत रिवाज असा, की नळी लावायची ती वेगळ्या खात्यावर, नुसतं तपासण्यासाठी उघडलेल्या. त्याला ते बकऱ्याचं खातं म्हणायचे. गेला तर बकरा जाईल. नचिकेतचाही बकरा होता. पण त्या बकऱ्याकडे नुसतं तराफं, आणि आवाज तुटायचा तो मोठ्या, भरल्या शिडांच्या गलबतावर. म्हणून पाच मिनिटांसाठी त्याने मनवाचं खातं उघडलं होतं. आणि त्या खेळात कुणी लबाडी करू नये म्हणून कंपनीने एक पहारेकरी ठेवलेला असतो. लबाडी करणारेही असंच हत्यार लावून आत शिरतात. पहारेकऱ्याला हत्यार दिसलं. कशासाठी लावलंय ते दिसण्याची त्याच्याकडे सोयच नव्हती.

"मग सांग ना त्यांना," मी म्हटलं.

"सांगतो. अर्ज करता येतो. वाचतील, कळेल त्यांना."

मनवाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "शर्यतीच्या आधी?"

"शर्यतीच्या आधी," नचिकेत म्हणाला.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो अर्ज लिहायला बसला. मी पोळ्या लाटत होते, तो इंग्रजीतलं एकेक वाक्य मला वाचून दाखवत होता. आम्ही लिनक्स वापरतो. तुमचा खेळ आमच्याकडे चालावा म्हणून मी आणि माझ्यासारखे बरेच जण फुकट काम करतो. अमुक दिवशी मी अमुक हत्यार लावलं, त्याचं कारण हे, त्यात मला सापडलं ते हे, तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सोबत जोडलं आहे. खातं माझ्या मुलीचं आहे, तिचा यात काही संबंध नाही.

लाटणं हातात तसंच धरून मी बाहेर आले. "एवढं कशाला सांगतोस? आम्ही काही केलेलं नाही, चुकून झालं असेल, कृपया तपासा. इतकंच लिही."

"पण मी केलंय ना. पहारेकरी खोटं बोलत नाहीये केतकी. मी आत डोकावलो होतो. का डोकावलो ते सांगितलं की संपलं."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तीही आपल्यासारखी नोकरी करणारी माणसं आहेत. कुणीतरी वाचणारच की. एखाद्याने उलट आभार मानले तर?"

"तू ना," मी म्हटलं. पोळी जळल्याचा वास आला म्हणून आत गेले. तो अर्ज तसाच गेला, पूर्ण, सोबतच्या सगळ्या तपशिलासकट.

मग वाट बघणं. तेवढ्या दिवसांत वसाहतीत काय काय झालं ते मी नचिकेतला सगळं सांगितलं नाही. दुधाच्या केंद्रावर फिरके वहिनी भेटल्या. आवाजात इतकी माया, की मला पिशवी टाकून पळावंसं वाटलं.

"असू द्या हो मनवाच्या मम्मी. लहान आहे, होतं हातून. आमच्या लावण्याला मी सांगितलं, चिडवायचं नाही म्हणून."

"तिने काही केलेलं नाही वहिनी. त्या खेळाचा गैरसमज झालाय."

"हो ना. मशीनच ती, तिला काय कळतं." आणि जाता जाता, "आमचं योगेशने टाकलेलं, पण बाई कधी एक तक्रार नाही बघा."

मनवा आधी खाली जायची, लावण्याच्या मागे उभी राहून बघायची. ताफ्यात तिच्या जागी बी टाइप क्वार्टर्समधला कुणीतरी घेतला होता. ती मागून सांगायची, डावीकडे वाळू आहे, शीड उतरव. एक दिवस लवकर वर आली.

"काय झालं गं?"

"काही नाही." पाणी प्यायली. मग पाठ करूनच म्हणाली, "कोल्ह्यांची सायली म्हणते, चीटरचं ऐकू नका."

मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग सैल सोडलं नाही.

"आई, बाबाने खरंच केलं नाही ना?"

"नाही गं. त्याने आवाज दुरुस्त करायला आत बघितलं फक्त."

"पण मग त्यांनी चीटिंग का लिहिलं?"

"त्यांना वाटलं तसं."

"एवढी मोठी कंपनी आहे," मनवा म्हणाली. "ते उगीच कसं लिहितील?"

आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? शाळेत बाईंनी लाल शाईने लिहिलं की ते खरंच असतं, एवढं तिला जगाचं माहीत. मी म्हटलं, बाबाला विचार. ती म्हणाली, विचारलं. बाबा म्हणाला नाही केलं. मग खिडकीपाशी जाऊन गुलमोहराकडे बघत राहिली. "पण ज्याने केलं असेल तो पण तसंच म्हणेल ना," असं म्हणाली, अगदी शांतपणे, एखादं गणित सोडवावं तसं.

उत्तर आलं तेव्हा नचिकेत ड्युटीवरून येऊन नुकते बूट काढत होता. फोन वाजला, त्याने उभ्यानेच वाचलं. आणि एक बूट पायात ठेवूनच स्टुलावर बसला.

"काय म्हणतात?"

त्याने फोन माझ्या हातात दिला. कळवल्याबद्दल आभार. आपण स्वतःच नमूद केल्याप्रमाणे, खेळ सुरू असताना आपण मनाई असलेलं सॉफ्टवेअर वापरलं. आपल्या कबुलीची नोंद घेण्यात आली आहे. निर्णय अंतिम असून यावर पुन्हा पत्रव्यवहार होणार नाही. खाली कुणाचं नावही नव्हतं.

"हे माझंच वाक्य आहे," नचिकेत म्हणाला. "माझंच उचलून मला दिलंय."

"दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही?"

"पोलंडच्या गड्याला विचारलं दुपारी. त्याचंही असंच गेलंय. तो म्हणाला, लिहू नकोस, लिहिलंस की जास्त अडकतोस." मग तो हसला, पण ते हसू मला बघवलं नाही. "उशीर झाला त्याला सांगायला."

"मग नवीन खातं उघडू. पहिल्यापासून. तेवढंच ना."

त्याने मान हलवली. त्याच आठवड्यात खेळाला नवा पहारेकरी आला होता. आता खेळ उघडला की तो आधी घर तपासायचा, आणि घरात मधले काका दिसले की दारच उघडायचा नाही. लबाडी केली असो वा नसो. महिनोन्महिने शिकवलेले ते काका, आकाश शिकलेले, पाणी शिकलेले, माणसांना डोकी लावायला शिकलेले. तिकडे जगभरच्या त्या मंडळींनी हात टेकले होते. कोचीनच्या मुलाने लिहिलं होतं, वर्ष-दोन वर्षांत काहीतरी मार्ग निघेल. निघाला असेल. आता तर म्हणे लिनक्सवर कितीतरी खेळ आपसूक चालतात, लिनक्सवरचं छोटं यंत्र लोक पेटीतून काढून हातात घेऊन थेट खेळतात. पण आठ वर्षांच्या मुलीची सुट्टी त्या मेमध्येच होती.

खरं सांगायचं तर इथपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न एका गलबताचा आहे. पोरं विसरतात. शाळा सुरू झाली की हेही विसरेल.

त्या शनिवारी दुपारी वीज गेली. वीज बनवणाऱ्यांच्याच घरात वीज जावी, यावर वसाहतीत ठरलेले विनोद होते, ते खिडक्याखिडक्यांतून झाले. कूलर बंद, म्हणून आम्ही दरवाजा सताड उघडून फरशीवर ओली चादर टाकली आणि मनवाने सापशिडी काढली. ती आणि बाबा खेळायला बसले. मी भिंतीला टेकून कलिंगडाच्या बिया काढत होते. बऱ्याच दिवसांनी घरात तसं बरं वाटत होतं. नचिकेत मुद्दाम रडकं तोंड करत होता, सापाशी भांडत होता.

"हा साप माझ्यावरच का राग काढतो? मी याचं काय घोडं मारलंय?"

मनवा हसली. तिचा पाच आला, ती शिडी चढली. मग याचा सहा. पटावर त्याने आपली निळी सोंगटी टकटक करत सहा घरं पुढे नेली. सापाच्या तोंडाच्या एक घर पुढे जाऊन थांबली ती.

मनवा पुढे वाकली. तिने बोट ठेवलं, त्याची सोंगटी आधी जिथे होती तिथे, आणि ओठ हलवत एकेक घर मोजत आली. एक, दोन, तीन. सहावर सोंगटी होती. बरोबर होती. तिने फासा उचलला आणि आपला डाव टाकला.

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मला वाटलं, नचिकेतच्या लक्षात आलं नसेल. तो पटाकडेच बघत होता. पुन्हा त्याची पाळी आली. त्याने फासा टाकला, तीन पडले, आणि सोंगटीला हात न लावता तो म्हणाला, "तूच चालव माझी."

मला वाटलं ती म्हणेल, का रे, तूच चालव ना. एरवी म्हणाली असती. ती म्हणाली, "बरं." आणि त्याची निळी सोंगटी तिने तीन घरं नेली. मग डाव संपेपर्यंत दोन्ही सोंगट्या तीच चालवत होती, तो फक्त फासा टाकत होता. शेवटी तोच जिंकला. ती म्हणाली, "जिंकलास," आणि पट गोळा करून ठेवला.

वीज आली. कूलर घरघरला. नचिकेत उठून गॅलरीत गेला आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढू लागला, एकेक झटकून, राख झाडून. कपडे कधीचे काढून झाले तरी तो आत आला नाही.

मी गॅलरीत गेले. "अरे, लहान आहे ती."

"म्हणून तर," तो म्हणाला.

"उद्या परत नीट समजावू तिला. मी समजावते."

"काय समजावशील?" तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी पण समजावलं. जितकं जास्त समजावतो तितकं ते... तूच बघ ना, चोरीच्या गुन्ह्यात सापडलेला माणूस जसं बोलतो तसंच वाटतं की नाही?"

खरंच तसं वाटत होतं. त्याचं सगळं बोलणं खरं होतं आणि आमच्या घराबाहेर कुणाला ते ऐकायचं नव्हतं. आता घरातही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात योगेश सोनवणे, खांद्याला बॅग, कपाळावर घाम.

"सरांनी बोलावलं," तो म्हणाला. त्याचाही विश्वास बसत नसावा, कारण लगेच म्हणाला, "इथंच ना?"

मी नचिकेतकडे पाहिलं. तो मनवाला खुर्चीवरून उठवून तिच्यासाठी शेजारी स्टूल ओढत होता.

"या योगेशभाऊ."

"सर, तुम्ही म्हणजे आमच्या धंद्यावर बहिष्कार टाकलेले गृहस्थ," योगेश हसत बसला. "मी तर पोरांना सांगायचो, अत्तरदे साहेबांच्या जिन्यावर पाय ठेवला तर पेन ड्राइव्ह आपोआप पुसला जातो."

"चहा घेणार?" मी विचारलं. दुसरं काय बोलणार.

"घेऊ की वहिनी." मग मशीनकडे बघून, "हे तर बरंच जुनं आहे सर. याच्यावर दुकानातलं नवीन, ओरिजिनल टाकायचं म्हटलं तरी ते बसणार नाही. नखरे फार त्याचे. माझ्याकडं हलकं केलेलं आहे, ते पळेल. आतलं जुनं सगळं उडवू?"

"उडवा."

"काही ठेवायचं?"

मी कान देऊन उभी होते. नचिकेत म्हणाला, "माझ्या कामाचं मी काढून ठेवलंय. बाकी उडवा."

मी चहा ठेवायला आत गेले. मला वाटत होतं की बाहेर जाऊन म्हणावं, नको, थांबवा हे. आणि ती पटावर ठेवलेली मनवाची तर्जनी आठवत होती. चहात साखर घातली की नाही तेही कळलं नाही, परत घातली. योगेश तो गोड चहा मिटक्या मारत प्यायला.

मशीनवर निळा रंग आला, पांढरे ठिपके गोल फिरले, घरात कधी न ऐकलेला एक टुणकन आवाज झाला. योगेशने काहीतरी एक छोटी खिडकी उघडली, एक कळ दाबली, आणि म्हणाला, "झालं. आता याला वाटतं की हे ओरिजिनल आहे." त्याच्या दृष्टीने हा रोजचाच विनोद होता. मनवा हसली, कारण तो हसला म्हणून.

मग खेळ उतरवला. नवीन पहारेकरी आला. त्याने विचारलं, मी तुमचा पूर्ण कॉम्प्युटर तपासू का. नचिकेतने हो म्हटलं. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. योगेश मात्र वायर गुंडाळत होता. पट्टी भरली. बरोबरची हिरवी खूण आली. सगळं ठीक आहे, असं लिहून आलं. तुमचं स्वागत आहे.

"बघा," योगेश म्हणाला, "काय अवघड आहे?" आणि बॅग उचलून गेला. नचिकेत त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला, पैसे दिले असतील, मी बघितलं नाही.

मनवा हे आधीचं नाव काही मिळालं नाही, ते बंद खात्याबरोबर गेलं होतं. तिने दुसरं टाकलं. समुद्र आला. त्याचा आवाज अगदी स्वच्छ, कुठेही न तुटणारा. फुटकं तराफं डुलत होतं. खालून लावण्याची हाक आली, "मनवाऽ, तू आलीस का? तुझं नाव काय आता?" आणि हिने खिडकीतून ओरडून सांगितलं. शर्यतीत आता ती नव्हतीच, पण बाकीच्यांबरोबर मागून जाता येणार होतं.

नचिकेत परत आला आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. मी कलिंगडाची ताटली घेऊन उभी होते.

"बाबा."

"हं."

"आता आपण चीटिंग नाही ना करत?"

तिने हे विचारताना स्क्रीनवरून नजर हलवली नव्हती. तराफं बंदराबाहेर काढत होती ती, जिभेचं टोक ओठांत धरून.

"नाही," नचिकेत म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

मनवाने डोकं त्याच्या दंडाला टेकवलं. ते इतके दिवस तिने केलं नव्हतं, मी बघत होते ना. पूर्ण भार टाकून, पहिल्यासारखं. नचिकेतचा तो हात तिच्या डोक्याखाली अडकला आणि त्याने तो तसाच ठेवला. माशी येऊन त्याच्या मनगटावर बसली, तरी हलवला नाही.